आधी वजन, मग चासी, इंजिन शेवटी

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी आणि माझी पत्नी लवकरच नोकरीतून मोकळे होतो आहोत. ट्रकच्या चासीवर, म्हणजे त्याच्या सांगाड्यावर, साडेसात मीटर लांबीचं घर बांधायचं आणि महिनोन्‌महिने त्यातच राहून फिरायचं, असं ठरवलं आहे. आईही सोबत असेल. तिला कमरेचा जुना त्रास आहे. मागे एक छोटी कार जोडून न्यायची आहे. दोन सेकंडहँड गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिला ट्रेलर ओढणारा घोडा: १३ लिटरचं ४८० अश्वशक्तीचं इंजिन, पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग), व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.७ मीटर, त्यामुळे चासी कापून लांब करावी लागेल. दुसरी १५ टनी मालवाहू गाडी: कमिन्सचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २८० अश्वशक्ती, टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे पाटे, मागे हवेचे फुगे, व्हीलबेस ५.२ मीटर, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग आवरणारा), युरो ६ (धुराचं मानक). मित्र म्हणतात, ताकद कधीही जास्तच असावी, मोठं इंजिन घे. केबिनमधून थेट घरात जायला दार हवं, असं पत्नी म्हणते. कुठली घेऊ?

उत्तर

नमस्कार. दुसरी घ्या. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टींची खात्री करा: भरल्या घराचं वजन प्रत्येक एक्सलवर (चाकांच्या आसावर) किती येणार, घर चासीवर कसं बसवणार आणि उतारावर गाडी कशाच्या जोरावर आवरणार. तुमच्या पत्रात इंजिनाबद्दल पुष्कळ आहे, या तिन्हींबद्दल जवळजवळ काहीच नाही. म्हणून क्रम उलटा करतो आणि वजनापासून सुरुवात करतो.

अशा १५ टनी गाडीची नुसती चासी आणि केबिन साधारण पाच टनांची असते. त्यावर काय काय चढतं ते मांडू. इन्सुलेशन असलेल्या पॅनलचं रिकामं घर आणि त्याखालची सब-फ्रेम, म्हणजे घराची स्वतःची चौकट, मिळून दोन टन. फर्निचर, ओटा, बाथरूम, पलंग यांचा दीड टन. बॅटऱ्या, जनरेटर, एसी, सोलर पॅनल यांचे पाच-सहाशे किलो. पाणी ५०० लिटर म्हणजे सरळ ५०० किलो. डिझेल ३०० लिटर म्हणजे सुमारे २५० किलो. तीन माणसं आणि त्यांचं महिनोन्‌महिन्यांचं सामान सातशे किलो धरा. बेरीज साडेदहा टनांवर जाते. घर बांधताना वजन अंदाजापेक्षा वाढतंच, म्हणून वर पंधरा टक्के टाका: बारा टन. कडक हिशोब करायचा तर साडेबारा. १५ टनांच्या मर्यादेत हे ८० ते ८३ टक्के होतं, आणि मोटरहोमसाठी, म्हणजे अशा चालत्या घरासाठी, मी नेमकं एवढंच शोधतो.

त्याचं कारण पाट्यांमध्ये आहे. मालाच्या ट्रकचे पाटे पूर्ण भारासाठी बनवलेले असतात आणि रिकाम्या गाडीत ते जवळजवळ हलतच नाहीत. मोटरहोम मात्र कधी रिकामं नसतं आणि कधी पूर्ण भरतही नाही. गाडीच्या क्षमतेच्या निम्म्यानेच वजन टाकलंत तर प्रत्येक खड्डा थेट आईंच्या कमरेत जाईल. ९५ टक्के टाकलंत तर टायर, बेअरिंग, ब्रेक सगळ्यांचाच श्वास कोंडलेला. ऐंशीच्या आसपास पाटे आणि फुगे नीट काम करतात. मागचे फुगे तर तुमच्यासाठी वरदानच आहेत. उंची कायम राहते आणि घराला बसणारे हादरे कमी होतात. पुढचे पाटे पॅराबोलिक आहेत का ते बघा. जाड, एकावर एक घासणाऱ्या पानांपेक्षा ते मऊ चालतात. शिवाय आईंची सीट हवेवर चालणारी बसवा.

तुमचा घोडा इथेच मागे पडतो. तो स्वतःच सात-साडेसात टनांचा असतो. म्हणजे दोन-अडीच टन जास्त लोखंड तुम्ही आयुष्यभर वाहणार, आणि त्यातलं एक किलोही घराच्या कामाचं नाही. ३.७ मीटरच्या व्हीलबेसवर साडेसात मीटरचं घर बसत नाही, म्हणून फ्रेम लांबवायची. हे काम होतं, चांगले कारागीर ते करतातही. पण त्यात प्रॉपेलर शाफ्टला (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) जोड आणि मधलं बेअरिंग, ब्रेकच्या हवेच्या नळ्या, एबीएसच्या वायरी, मग पुन्हा नोंदणी आणि तपासणी असं सगळं ओघाने येतं. चासी मुळातच योग्य लांबीची मिळत असेल तर या वाटेला जाऊ नये.

एकूण वजनाइतकंच महत्त्वाचं आहे ते कुठल्या एक्सलवर किती पडतं हे. मागच्या एक्सलच्या पाठीमागे लोंबणारं वजन फसवं असतं. समजा, मागच्या एक्सलपासून २.६ मीटर मागे तुम्ही २०० किलोचा जनरेटर टांगला. तुमचा व्हीलबेस ५.२ मीटर. तर मागच्या एक्सलवर २०० नाही, ३०० किलो वाढतात, कारण पुढच्या एक्सलवरचे १०० किलो उचलले जातात. पुढचा एक्सल असा हलका होत गेला की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग पकड सोडतं. म्हणून पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, डिझेल हे सगळं दोन एक्सलांच्या मध्ये आणि शक्य तितकं खाली ठेवा. बाथरूम आणि ओटा मध्यावर येऊ द्या. पलंग मागे गेला तर बिघडत नाही, तो हलका असतो. डावी-उजवी बाजूही मोजा. एका बाजूला टाकी आणि त्याच बाजूला फ्रीज-ओटा आला की दोनशे-तीनशे किलोंचा फरक सहज पडतो, आणि एक्सल मर्यादेत असूनही एका बाजूचा टायर मर्यादेबाहेर जातो.

आता घर चासीवर बसवण्याबद्दल. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सुंदर बांधलेली घरं इथेच मोडतात.

ट्रकची फ्रेम शिडीसारख्या आकाराची असते: दोन लांब सी-आकाराचे बीम आणि मध्ये आडवे तुकडे. ती पिळली जावी म्हणूनच तशी बनवलेली असते. पुढचं एक चाक खड्ड्यात आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक उंचवट्यावर आलं की फ्रेम पिळते आणि चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. तुमचं घर मात्र सहा बाजूंनी बंद पेटी आहे. ती पिळत नाही. पिळणाऱ्या वस्तूवर न पिळणारी वस्तू बोल्टांनी घट्ट आवळली की दोघींपैकी एक हार मानते. आधी खिडक्यांचे कोपरे तडकतात, मग पॅनलचे सांधे उघडून पाणी शिरतं, आणि घर फारच मजबूत असेल तर फ्रेमलाच बोल्टाच्या भोकापाशी चीर जाते.

उपाय जुना आणि पारखलेला आहे. घराखाली स्वतंत्र सब-फ्रेम करायची. मागच्या एक्सलजवळ ती चासीला पक्की जोडायची, आणि पुढच्या भागात स्प्रिंग लावलेले माउंट द्यायचे, म्हणजे चासी पिळली की सब-फ्रेम पुढे किंचित उचलली जाते आणि घर सपाट राहतं. डांबरी रस्त्यावरच फिरणार असाल तर एवढं पुरतं. खडकाळ वाटांवर जायचं असेल तर तीन किंवा चार बिंदूंवर झुलणारी, मध्ये पिव्हट असलेली सब-फ्रेम लागते. ती जड आणि उंच होते, आणि सगळा भार थोड्या बिंदूंवर एकवटतो. तुमच्या पत्रातला प्रवास पाहता स्प्रिंग माउंट पुरेसे आहेत.

फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू देऊ नका. सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. भोकं लागलीच तर उभ्या भागात, तीही निर्मात्याने सांगितलेल्या अंतरांवर. मन मानेल तिथे वेल्डिंगही नको. उच्च ताणाच्या पोलादाला उष्णता लागली की त्या जागी त्याची ताकद बदलते. प्रत्येक ट्रक निर्मात्याचं बॉडी बांधणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक असतं. तुमच्या चासी नंबरावरून ते मिळवा आणि घर बांधणाऱ्याच्या हातात द्या. 'त्याची काही गरज नाही' म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

केबिनमधून घरात जाणाऱ्या दाराबद्दल वहिनींना नीट सांगावं लागेल. तुमची गाडी चपट्या तोंडाची असेल, म्हणजे इंजिन केबिनखाली, तर इंजिनाचं कुठलंही काम करायला केबिन पुढे कलवावी लागते. घर आणि केबिन कायमचं जोडलंत तर केबिन कलणार नाही, आणि ऐन वाटेत इंजिनाला हात लावता येणार नाही. शिवाय केबिनला स्वतःचे स्प्रिंग असतात; ती घरापेक्षा वेगळी डोलते. मार्ग आहे: दोन्हीकडे उघडी चौकट आणि मध्ये रबराचा, काढता येणारा, लवचिक पडदा. घराची पुढची भिंत केबिनपासून इतकी मागे हवी की कलताना केबिनचा मागचा वरचा कोपरा तिला घासणार नाही. तो कमानीत फिरतो, म्हणून केबिन प्रत्यक्ष कलवून माप घ्या. आणि दार झालं तरी चालत्या गाडीत कोणी घरात बसू नये. घरात बसूनच प्रवास करायचा असेल तर चासीच्या ताकदीशी जोडलेली सीट आणि बेल्ट लागतात. पाटाला स्क्रूने लावलेला बेल्ट बेल्ट नव्हे.

इंजिनाकडे येऊ. 'ताकद जास्तच असावी' हे खरं आहे का, ते आकड्यांनीच बघू. घर साडेबारा टन आणि मागे कार, असे १४ टन धरा. सपाट रस्त्यावर ताशी ९० ने जायला टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून इंजिनाकडून सुमारे १२० अश्वशक्ती लागते. बस्स. ६ टक्क्यांचा चढ, म्हणजे दर शंभर मीटरला सहा मीटर उंची, ताशी ५० ने चढायला, रेडिएटरचा पंखा आणि एसी धरून, सुमारे २३०. तुमची २८० अश्वशक्ती तोच चढ साठच्या आसपास चढेल. ४८० चा घोडा जड असूनही ऐंशीच्या वर जाईल; पण डोंगरातल्या वळणांवर साडेतीन मीटर उंच घर घेऊन तुम्ही ऐंशीने जाणार आहात का? वेळापत्रक सांभाळणाऱ्या ४० टनी ट्रेलरला ती ताकद लागते. तुम्हाला ती विकत घ्यावी लागेल, वाहावी लागेल, प्रत्येक सर्व्हिसला तिचं तेल भरावं लागेल, आणि वापरता मात्र येणार नाही.

कमिन्सची ही बी मालिका १९८० च्या दशकात ५.९ लिटरने सुरू झाली आणि पुढे ६.७ झाली. ट्रक, बस, शेतीची यंत्रं, बांधकामाची यंत्रं, जनरेटर, बोटी, सगळीकडे ती आहे. याचा अर्थ दूरच्या गावातही तिला ओळखणारा हात सापडण्याची शक्यता मोठी. एक फरक लक्षात ठेवा: या इंजिनात सिलिंडरला वेगळे, बदलता येणारे लायनर (आतली नळी) नाहीत, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतात. मोठ्या इंजिनांत लायनर बदलून जागच्या जागी नवं आयुष्य देता येतं. इथे पूर्ण झिजल्यावर ब्लॉक काढून बोअर करावा लागतो. ट्रकवाल्याच्या दृष्टीने हा उणेपणा. पण मोटरहोम वर्षाकाठी जेवढं चालतं तेवढ्यात सांभाळलेलं इंजिन त्या मुक्कामाला यायला फार वर्षं लागतात.

डिफरन्शियलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्ट किती फेऱ्या घेतो, ते मात्र बघाच. ट्रकच्या नेहमीच्या २२.५ इंची रिमच्या मोठ्या टायरचा घेर ३.२ मीटर धरला तर ताशी ९० ला चाक मिनिटाला सुमारे ४७० वेळा फिरतं. गुणोत्तर ५.२९ असेल आणि टॉप गिअर डायरेक्ट (१:१) असेल तर इंजिन २,४८० फेऱ्यांवर ओरडत राहील. गुणोत्तर ४.१० आणि टॉप गिअर ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरवणारा) असेल तर १,४५० वर शांत चालेल. गाडी तीच, इंजिन तेच. आवाज, डिझेल आणि आयुष्य मात्र वेगळं. शहरातल्या वाटपासाठी किंवा बांधकामासाठी घेतलेल्या गाड्यांत ५.२९ सारखी मोठ्या आकड्याची गुणोत्तरं असतात. आधीच्या मालकाने गाडी कशासाठी वापरली हे त्यासाठीच विचारायचं.

गिअरबॉक्स तुमच्यासाठी योग्यच आहे. टॉर्क कन्व्हर्टरमुळे चढावर, अरुंद जागेत, इंच-इंच मागे घेताना क्लच जळत नाही आणि गिअर बदलताना धक्का बसत नाही. डिझेल थोडं जास्त जाईल. आईंच्या कमरेसाठी जाऊ द्या.

युरो ६ म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर आणि धुरातले विषारी वायू कमी करणारं युरियाचं द्रावण. दोन्हींना नियमित, गरम, लांब पळणं मानवतं आणि उभं राहणं मानवत नाही. मुक्कामी एसी चालवायला इंजिन तासन्‌तास सुरू ठेवू नका, फिल्टर तुंबतो. त्यासाठी बॅटऱ्या आणि जनरेटर आहेत. युरियाचं द्रावण ३२.५ टक्क्यांचं असतं, उणे ११ अंशांना गोठतं आणि उन्हात लवकर खराब होतं. ३० अंशांत साठवलं तर ते साधारण वर्षभर टिकतं, त्याहून गरम जागी आणखी कमी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी जुन्या द्रावणाने भरून ठेवू नका. आणि ज्या देशांत कमी गंधकाचं डिझेल मिळत नाही तिथे जायचा बेत असेल तर ही गाडी घेऊ नका, जुन्या मानकाची शोधा. ही यंत्रणा काढून टाकतो म्हणणारे भेटतील. ते बेकायदा आहे, आणि सगळ्यांनी श्वासात घ्यायच्या हवेशी केलेली ती बेइमानी आहे.

आता मला सर्वात जास्त काळजी वाटते ती गोष्ट: उतार. १९३१ साली क्लेसी कमिन्स, याच कंपनीचे संस्थापक, आपल्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक, आणि त्यावरून मालगाडी चाललेली. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात वाचला. डिझेल इंजिन गाडी चढवतं तसंच तिला रोखूही शकलं पाहिजे, हा विचार त्यांनी पुढे अनेक वर्षं धरून ठेवला. त्यातून आलेला, इंजिनाच्या दाबावर चालणारा ब्रेक १९६१ मध्ये जेकब्स कंपनीने बाजारात आणला. ड्रायव्हर त्याला आजही जेक ब्रेक म्हणतात.

तुमचे १४ टन ६०० मीटर उंची उतरतात तेव्हा सुमारे ८२ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. जवळपास अडीचशे लिटर पाणी २० अंशांवरून उकळी आणायला एवढी पुरेल. ती सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये गेली तर लायनर पकड सोडतात. ६ टक्क्यांच्या उतारावर ताशी ४० चा वेग धरून ठेवायचा तर सतत सुमारे ७५ किलोवॅट शोषून घ्यावे लागतात. एक्झॉस्ट ब्रेकचा जोर इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो, म्हणून तुमच्या गाडीचा एक्झॉस्ट ब्रेक २,००० फेऱ्यांना किती किलोवॅट देतो ते पुस्तिकेत बघा. आकडा ७५ च्या चांगला वर असेल तर खालच्या गिअरात, फेऱ्या वर ठेवून उतरायची सवय करा. नसेल तर रिटार्डर, म्हणजे न घासता गाडी आवरणारा जादा ब्रेक, बसवायचं गृहीत धरूनच गाडीचा भाव ठरवा. काही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना तो आतच मिळतो, अ‍ॅलिसनच्या ३००० मालिकेत तसा पर्याय आहे. नाहीतर प्रॉपेलर शाफ्टवर बसणारा विद्युतचुंबकीय रिटार्डर येतो. घोड्याकडे दोनशे अश्वशक्ती जास्त आहे, याचा मला मोह पडत नाही. त्याचा इंजिन ब्रेक नक्कीच दमदार असेल आणि तेवढ्या एका बाबतीत तो सरस आहे, पण ती उणीव दुसऱ्या गाडीत भरून काढता येते. मागच्या कारलाही स्वतःचे ब्रेक लागतील अशी जोडणी करा.

विजेबद्दल थोडक्यात: बऱ्याच ट्रकवर २४ व्होल्ट असतं. घराची बॅटरी-यंत्रणा पूर्ण वेगळी ठेवा आणि मध्ये डीसी-डीसी चार्जर (ट्रकच्या विजेवर घराची बॅटरी भरणारा) घाला. परवाना कोणत्या वजनापर्यंत चालतो हे आजच तपासा; बऱ्याच देशांत तुमचा साधा कारचा परवाना इथे उपयोगाचा नाही.

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर ब्लॉकला हात लावून ते थंड आहे ना बघा. थंड इंजिन कसं उठतं, धुराचा रंग काय, तेलाचं झाकण उघडल्यावर वाफेचा झोत येतो का, कुलंटमध्ये तेलाचा तवंग आहे का, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मग किलोमीटरला इंजिनाच्या तासांनी भागा. सहा लाख किलोमीटर आणि बारा हजार तास म्हणजे सरासरी ५०. गाडी महामार्गावर राबली आहे. तेच तीस हजार तास निघाले तर ती शहरात अडकून किंवा उभ्याने धुमसत जगली आहे, आणि काजळीच्या फिल्टरची अवस्था विचारावी लागेल. टायरची नक्षी नको, उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचा.

शेवटी गाडी वजनकाट्यावर न्या. डिझेल पूर्ण भरून, आधी फक्त पुढचा एक्सल, मग फक्त मागचा, मग पूर्ण गाडी, अशा तीन चिठ्ठ्या घ्या. दारावरच्या पाटीवर प्रत्येक एक्सलची मर्यादा असते, तिचा फोटो काढा. घराचा कच्चा नकाशा, त्यावर पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि ओटा मागच्या एक्सलपासून किती अंतरावर आहेत तेवढं लिहून या सगळ्यासोबत मला पाठवा. प्रत्येक एक्सलवर किती पडेल ते मी मांडून देतो. तोपर्यंत विसार देऊ नका.